जुनी एमजीबी घेताय? बॉनेट शेवटी उघडा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त इंग्लंडात स्विंडनला असतो. १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची जुनी, उघड्या टपाची गाडी, लाल रंगाची, त्याच्या मनात भरली आहे. मालक साडेनऊ हजार पौंड सांगतोय. जाहिरातीत लिहिलंय, 'पूर्ण रिस्टोअर केलेली, इंजिन नव्याने बांधलेलं.' शनिवारी गाडी बघायला जायचंय. 'काका, काय काय तपासू? मला गाडीतलं फारसं कळत नाही,' असं त्याने लिहिलंय.

तुझा प्रश्न वाचला आणि जाहिरातीतले नऊ फोटोही बघितले. पाच फोटो इंजिनाचे, तीन रंगाचे, एक डॅशबोर्डचा. गाडीच्या पोटाचा एकही नाही. माझ्या उत्तराचा निम्मा भाग एवढ्यात आला, पण तू विचारलंच आहेस तर नीट सांगतो.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात काळे करून शिकलो आणि गेली २२ वर्षं इथे इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये जुन्या इंग्लिश गाड्यांवर काम करतो. त्यातल्या निम्म्याहून जास्त एमजीबीच असतात. गाडी मुळात साधी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत होती आणि पाच लाखांच्या वर निघाली. तुझ्या घरापासून ॲबिंग्डन काही फार लांब नाही. (नाशिकला फोन करून 'एमजी घेतोय' म्हणालास तर घरचे आत्ताची एमजी हेक्टर समजतील, ते आधी नीट समजावून सांग.)

या गाडीचं एक बरं आहे. तिचा स्क्रू न् स्क्रू आजही नवा मिळतो. वॉटर पंप, ब्रेकचे सिलिंडर, गालिचे, घड्याळांच्या काचा, सगळं घरपोच येतं. अख्खा नवा सांगाडासुद्धा मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून मूळच्या साच्यांवर तो पुन्हा बनवायला घेतला. पण त्या कोऱ्या सांगाड्याचीच किंमत गाडीचा मालक मागतोय त्याच्या वर जाते, आणि तो रंगवून त्यात जुन्या गाडीचं सगळं सामान बसवणं हा वेगळा खर्च. म्हणून माझा हिशेब सरळ असतो. गाडीवर दोन तास घालवायचे असतील तर पावणेदोन तास पत्र्यावर आणि उरलेल्या वेळात बाकी सगळं. लोक नेमकं उलटं करतात. बॉनेट उघडतात, चकचकीत इंजिन बघतात आणि तिथेच विरघळतात.

मीही विरघळलो होतो. इथे येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा स्वतःसाठी एक हिरवी रोडस्टर घेतली. उस्तादांनी शिकवल्याप्रमाणे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून सगळी बेअरिंगं ऐकली. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. आनंदाने पैसे मोजले. दोन महिन्यांनी पुढचं चाक काढायला म्हणून एका बाजूने जॅक लावला आणि काम झाल्यावर बघतो तर ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. गाडी खाली घेतली, दार उघडलं. परत वर घेतली, परत अडकलं. मग ग्राइंडरने दाराखालचा रंग खरवडला. आत अंगठ्याएवढ्या जाडीची पुट्टी, तिच्यामागे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. एका बोळ्यावर फुटबॉलचे निकाल अजून वाचता येत होते. पत्रा म्हणून जे काही उरलं होतं ते हातात घेतलं की बिस्किटासारखं मोडायचं. अख्खा हिवाळा त्यात गेला. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय.

हे असं का होतं ते आधी समजून घे, म्हणजे शनिवारी कुठे बघायचं ते आपोआप कळेल. हिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी चॅसी होती. एमजीबीला ती नाही. पत्रे एकमेकांना जोडून केलेली पेटी हीच गाडी. त्यात रोडस्टरला वर छप्पर नाही, त्यामुळे पुढची दोन चाकं आणि मागची दोन चाकं यांना एकत्र धरून ठेवायचं बहुतेक काम दोन्ही दारांखालच्या लांब पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाशी एक चिंचोळी पट्टी, जिला कॅसल रेल म्हणतात, कारण तिची कड किल्ल्याच्या चर्येसारखी खाचाखाचांची असते. या खाचांतून पाणी बाहेर पडावं अशी योजना. आता पुढचं चाक चिखल उडवतं. तो पुढच्या मडगार्डच्या आत, दाराच्या जरा पुढे एका कोनाड्यात साचतो. त्यात ओली पानं, त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ. हा लगदा वर्षानुवर्षं ओलाच राहतो आणि त्याचं पाणी सिलमध्ये उतरतं. गंज आतून सुरू होतो. बाहेर रंगावर पहिला फोड दिसेपर्यंत मधला पडदा केव्हाच गेलेला असतो.

तर शनिवारी गेल्यावर गाडीपासून चार पावलं लांब उभा राहा आणि उकिडवा बस. दाराच्या चारी बाजूंची फट बघ. ती वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची हवी. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या अंगाला चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी कमरेत वाकली आहे असं समज. मग दार अर्धं उघडून धर आणि हळूच वर उचलायचा प्रयत्न कर. बिजागरी झिजल्यामुळे दार खाली उतरलेलं असू शकतं, आणि तो दोष अगदीच किरकोळ. बिजागरीचा खेळ कुठला आणि सांगाड्याचा वाक कुठला, हे आधी वेगळं करायला हवं.

त्यानंतर खरी परीक्षा. मालकाची परवानगी घे आणि गाडीचं स्वतःचं जॅक लावायचं ठिकाण सिलच्या मध्याजवळ असतं, तिथे जॅक लाव. चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकंच उचल. आता दार उघड, लाव, पुन्हा उघड. धड गाडीत काहीच फरक पडत नाही. पोकळ गाडीत फट बदलते, दार घासतं किंवा माझ्यासारखं अडकतं. उचलताना कुरकुर ऐकू आली किंवा जॅकखालचा पत्रा आत दबला तर पुढे काही तपासायची गरज नाही. चहा घे, आभार मान आणि घरी ये. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, हे तुला सांगायला नको, पण सांगतो.

मालक जॅक लावू देत नसेल तर? कारण काहीही असो, उत्तर तेच. गाडी सोड.

पुढे मडगार्डकडे वळ. पुढच्या मडगार्डचा खालचा भाग आणि सिल जिथे भेटतात तिथे उभा सांधा असतो, मागच्या बाजूलाही तसाच. हा सांधा दिसला पाहिजे. सिलचा मूळ पत्रा दाराच्या रुंदीपुरता नसतो, तो पुढे आणि मागे मडगार्डांच्या आतपर्यंत गेलेला असतो. त्यामुळे सिल खरोखर बदलायची तर मडगार्डाचे खालचे तुकडे कापून काढावे लागतात आणि नंतर पुन्हा जोडावे लागतात. काम कटकटीचं. ते टाळायला बरेच जण गंजक्या सिलवरच बाहेरून नवा पत्रा चढवतात, कडेने वेल्डिंग करतात आणि सांधा पुट्टीने बुजवतात. दिसायला गुळगुळीत, आत जुना गंज तसाच जिवंत. या गाडीत जास्त गुळगुळीतपणा हीच संशयाची जागा.

सोबत चुंबक ने. जोरदार नको, फ्रिजवर चिकटवतात तो पातळ आणि कमजोर. जोरदार चुंबक दोन मिलिमीटर पुट्टीतूनही पत्रा पकडतो आणि तू फसतोस. रंगाला ओरखडा नको म्हणून त्याला मऊ फडकं गुंडाळ. सिलच्या पूर्ण लांबीवर फिरव. मग पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात, मागच्या चाकावरच्या कमानीवर आणि दाराच्या खालच्या कडेवर. चुंबक घसरून पडला की तिथे खूण लक्षात ठेव. एक गंमत सांगून ठेवतो. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, त्याला चुंबक चिकटत नाही. एकदा माझ्याबरोबर आलेला गिऱ्हाईक त्यावरून मालकाशी भांडायला उठला होता. तुझ्या ७२ च्या गाडीला मात्र पोलादी बॉनेटच हवं.

बाहेरून झालं की आतले गालिचे उचल. मालकाला विचारून, पण उचलच. फरशीचा पत्रा आतल्या सिलला मिळतो त्या कडेने बोट फिरव. ओल लागली तर ती कुठून येते ते शोध. टपातून गळणं नेहमीचंच. पण वायपरखालच्या जाळीतून आत गेलेलं पाणी बाहेर काढणारी एक रबरी नळी असते. ती कचऱ्याने तुंबली की पाणी थेट पायात येतं. ही नळी मोकळी करायला पाच मिनिटं लागतात. ती वीस वर्षं कुणीच केली नसेल तर फरशी गेली.

सीटच्या मागे गालिच्याखाली एक झाकण आहे. ते उघडलं की खाली बॅटरीच्या पेट्या. ७२ च्या गाडीला मुळात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बहुतेकांनी बारा व्होल्टची एकच बसवलेली असते, त्यात काही वावगं नाही. पण वरून ॲसिड आणि खालून रस्त्याचं पाणी, त्यामुळे या पेट्यांचे तळ हमखास जातात. टॉर्च मार. दोनपैकी रिकामी पेटी मुद्दाम बघ, कारण तिकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

मग पाठीवर झोप आणि मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं सांगाड्याला जिथे अडकवली आहेत ती जागा बघ. तिथे ताजा काळा डांबरी रंग फासलेला असेल आणि बाकी पोट मळकट असेल तर विचार, 'एवढ्याच जागेला का?' पेट्रोलची टाकी डिकीखाली असते आणि ती वरून सडते, कारण टाकी आणि डिकीचा पत्रा यांच्या सांदीत ओल धरते. खालून टाकी नवी दिसते, वर भोकं. टाकी पूर्ण भरल्यावरच पेट्रोलचा वास येतो, म्हणून विकणारे टाकी कधी भरत नाहीत. नवी टाकी महाग नाही, यावरून सौदा मोडू नकोस. भाव कमी करायला मात्र हा मुद्दा चांगला.

दाराचा एक खास रोग आहे. पुढची छोटी तिकोनी काच दारावर जिथे टेकते, तिच्या बुडाशी दाराच्या पत्र्याला चीर जाते. बहुतेक सगळ्यांना जाते. चीर दिसली तर निदान मालक प्रामाणिक आहे असं समज, कारण लपवायची असती तर भरून रंगवली असती.

आता 'पूर्ण रिस्टोअर' या शब्दाकडे येऊ. या दोन शब्दांना इथे कायद्याने काहीही अर्थ नाही. रंगारी बोलावून लाल फवारा मारला तरी रिस्टोअर आणि सांगाडा उघडा करून दोन वर्षं वेल्डिंग केलं तरी रिस्टोअर. म्हणून फोनवरच विचार, 'काम चालू असतानाचे फोटो आहेत का?' ज्याने खरंच सिल बदलली तो माणूस गाडीपेक्षा फोटो दाखवायला जास्त उत्सुक असतो. मध्यंतरी एका म्हाताऱ्या शिक्षकाची गाडी बघायला गेलो होतो. त्यांनी आधी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि बुटाच्या दोन खोक्यांतून पावत्या काढून तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या. डाव्या सिलची पावती वेगळी, उजव्या सिलची वेगळी, मधल्या पडद्याची वेगळी. सिल कापताना गाडी मध्येच वाकू नये म्हणून दारं जागेवर ठेवून, पोटाला आधार देऊन काम केलं होतं, त्याचाही फोटो. तो आधार न देता वेल्डिंग केलं तर वाकलेली गाडी वाकलेल्या आकारातच कायमची पक्की होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडीचा रंग जुनाट, बॉनेटवर दगडाचे टिपके, आसनं उसवलेली. मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हटलं, डोळे मिटून घे. अशी गाडी मिळाली तर तूही घे.

एवढं सगळं झाल्यावर बॉनेट उघड. एकच अपवाद, पोचताच पहिली गोष्ट म्हणजे बॉनेट क्षणभर उघडून रेडिएटरला हात लावून बघ, तो गार हवा. मालकाने तू यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर त्याला थंड इंजिनाची काहीतरी गोष्ट लपवायची आहे. चोक ओढून सेल मार. १७९८ सीसीचं हे इंजिन ट्रॅक्टरसारखं दणकट आहे आणि थोडं टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व हलवणाऱ्या भागांचं, टकटकणं त्याला शोभतं. अगदी शांत टॅपेट म्हणजे गॅप जास्तच घट्ट धरलेला असतो आणि व्हॉल्व जळायला निमित्त होतं. सुरू होताना निळ्या धुराचा एक भपकारा आला आणि थांबला, तर चालतं. गाडी तापल्यावर उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडून पुन्हा रेस दिलीस आणि मागे निळा ढग दिसला, तर इंजिन खोलायला आलंय.

ऑइलचं प्रेशर दाखवणारा काटा डॅशबोर्डवर आहे, तो या गाडीचा खरा डॉक्टर. इंजिन पुरतं तापलेलं असताना चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ७० पौंड, सिग्नलला थांबल्यावर १५ ते २५. थांबल्यावर काटा शून्याला टेकत असेल तर 'नव्याने बांधलेलं इंजिन' ही थाप. खाली चार थेंब ऑइल पडलेलं असेल तर घाबरू नकोस. ॲबिंग्डनहून नवी निघाली तेव्हाही ती गळतच होती.

गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर आधी थकतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात जरा घाईने टाकून बघ, खरखरला तर सिंक्रो, म्हणजे गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली जोडणी, गेलाय. ७२ च्या गाडीला पहिल्या गिअरलाही सिंक्रो असतो, ६७ च्या आधीच्यांना नसायचा. क्लच घसरतो का ते नीट बघ, कारण नुसती क्लच प्लेट बदलायलासुद्धा इंजिन बाहेर काढावं लागतं. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जोडणी) असेल तर तो चालतो की नाही हे मालकाच्या तोंडून ऐकू नकोस, स्वतः बघ. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ३००० वर स्थिर ठेव आणि कळ दाब. तो साधारण २४५०-२५०० वर उतरला पाहिजे. तिसऱ्यातही हेच करून बघ, या सालच्या गाडीत तो दोन्हीत लागतो. लागला नाही तर बऱ्याचदा वायर सुटलेली असते, मालकही छातीठोकपणे तेच सांगेल. 'वायर जोडून ठेवा, मग येतो,' असं त्याला म्हण.

तारेच्या स्पोकची चाकं फोटोत दिसली. दिसायला देखणी, पण ती मधल्या दात्यांवर बसतात आणि दाते झिजतात. चाक वर उचल, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि चाक पुढे-मागे हलव. खट् आवाज आला तर दाते गेले. स्पोकवर पान्याने टिचक्या मार, सगळे एका सुरात वाजायला हवेत, सैल स्पोक भद्द वाजतो. तबला लावताना गाठीगणिक ऐकतात ना, तसं ऐक. गाडी सुटताना मागून खण् आवाज येत असेल तर दाते, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागच्या आसाच्या हाउसिंगमधले वॉशर असे तीन संशयित असतात, आणि वॉशर असेल तर ते असंच आणखी दहा वर्षं खणखणत राहतं.

पुढच्या चाकांना किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते उभे खुंट, आहेत, जुन्या ट्रकसारखे. दर तीन हजार मैलांना ग्रीस मागतात आणि कुणी देत नाही. चाक वर आणि खाली धरून हलव, खेळ जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर किंगपिन, नाहीसा झाला तर बेअरिंग. या सगळ्यावर खर्च होईल, पण तो आकड्यात सांगता येतो. सिलचा खर्च उघडल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्ही बाजूंची सिल मुळापासून, रंगासकट, चार हजार पौंडांच्या आत मी तरी करून देत नाही.

कागदपत्रं. इथलं लॉगबुक, म्हणजे व्ही-फाइव्ह-सी, गाडी कुणाच्या नावावर नोंदली आहे ते सांगतं. मालकी कुणाची हे सांगत नाही, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. म्हणून खरेदीची पावती विचार. चॅसी नंबर बॉनेटखालच्या पाटीवर बघ आणि लॉगबुकशी ताड. तुझ्या गाडीचा जीएचएन५ ने सुरू व्हायला हवा. जीएचडी असेल तर ती छपराची जीटी असते, आणि जीटीचं रोडस्टर कुणी का केलं याचं उत्तर ऐकण्यासारखं असेल. जीएचएन५ च्या पाठोपाठ लगेच 'यू' दिसला तर गाडी मूळची अमेरिकेत विकलेली, नंतर स्टिअरिंग उजवीकडे घेतलेलं. कोरड्या राज्यातून परत आलेली असेल तर तिचा पत्रा इथल्यापेक्षा बरा असतो, डॅशबोर्ड मात्र उन्हाने तडकलेला. शंका आलीच तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदीवरून दाखला मिळतो. गाडी कुठल्या रंगात निघाली आणि कुठे पाठवली, ते त्यात असतं.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स लागत नाही. २०१८ पासून एमओटी ही वार्षिक तपासणीही सक्तीची राहिलेली नाही, फक्त गाडीत मोठे फेरफार केलेले नसले म्हणजे झालं. लोक याला फायदा म्हणतात. खरेदीदाराला मात्र हे धोक्याचं आहे. पूर्वी दरवर्षी कुणीतरी त्रयस्थ माणूस हातोडी घेऊन गाडीच्या पोटाखाली जायचा, आता कित्येक वर्षं कुणीच गेलेलं नसतं. जुन्या एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट बघता येतो. शेवटची कधी झाली, मैल किती होते, आणि 'सिलला गंज' असा शेरा कितीदा आला, हे आज रात्रीच बघून टाक. शेरा एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी गायब, तर मधल्या काळातली वेल्डिंगची पावती माग. मालकाला असंही विचार, 'तुमच्या खर्चाने नव्हे, माझ्या खर्चाने एमओटी करून घेऊ का?' तिची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स आहे. सीट बेल्ट, स्टिअरिंग, ब्रेक आणि पाटे सांगाड्याला जिथे अडकतात, त्या प्रत्येक जागेभोवती तीस सेंटिमीटरपर्यंतचा पत्रा ते तपासतात. तुझ्या आणि माझ्या डोळ्यांपेक्षा स्वस्त आणि निःपक्षपाती.

पेट्रोलचं एक सांगायचं राहिलं. इथल्या साध्या पंपावर २०२१ पासून दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जुन्या रबराच्या नळ्या खातं. नळ्या बदलल्याची पावती नसेल तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या नव्या घाल, आणि महागातलं पाच टक्केवालं भर. शिसं असलेलं पेट्रोल तर २००० सालीच बंद झालं, म्हणून 'हेडला व्हॉल्वच्या कडक सीट बसवल्या आहेत का' हेही विचारून ठेव. नसल्या तरी लगेच काही बिघडत नाही.

आणि एक, आगाऊपणा वाटेल तरी. तुला उघड्या टपाची हौस आहे हे कळतं, पण स्विंडनच्या पावसात वर्षातून किती वेळा टप उघडशील? १९६५ पासून हिचीच जीटी निघाली, छप्पर आखून द्यायला पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीची मदत होती. छपरामुळे सांगाडा जास्त कणखर, मागे सामानाला जागा, आणि तेवढ्याच धड अवस्थेतली गाडी रोडस्टरपेक्षा स्वस्त. माझ्याकडे आता जीटीच आहे. काळ्या रबरी बंपरच्या, ७४ नंतरच्या गाड्या त्याहूनही स्वस्त पडतात. त्या उंच केल्यामुळे वळणावर जरा झुलतात, एवढंच.

तर आज संध्याकाळी मालकाला फोन कर आणि तीनच गोष्टी विचार. सिल बदलल्याचे फोटो आहेत का, इंजिन गार ठेवाल का, आणि जॅक लावू द्याल का. तिन्हींना 'हो' म्हणाला तर जा. जुनी पँट घाल, कारण पाठीवर झोपायचंय. टॉर्च, फडकं आणि फ्रिजवरचा चुंबक खिशात टाक, आणि पैसे घरी ठेव. सिलच्या दोन्ही टोकांचे आणि बॅटरीच्या पेट्यांचे फोटो मला रात्री पाठव. रंगाचे नकोत, ते मी पाहिलेत.